लांबतोंड्या हिवाळ्यात काय खातो

माशांची पोटं फाडणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? पोटवाल्या बाई. मत्स्यबीज केंद्रात सगळे तिला अशीच हाक मारत, तेही तोंडावर, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. चोवीस वर्षं एकाच टेबलाशी बसून तिनं इतकी पोटं उघडली होती, की माणूस समोर आला तरी तिची नजर आधी त्याच्या पोटाकडे जाई. घरात मात्र तिचं नाव बारकी. थोरल्या भावानं ठेवलेलं. वय अठ्ठेचाळीस, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागलेले, तरी बारकी ती बारकीच.

तो थोरला भाऊ, म्हणजे दादा, केंद्राचा प्रमुख होता. केंद्राचं काम सांगायला सोपं. हौदांत माशांची पिल्लं वाढवायची आणि बोटाएवढी झाली की तळ्यात सोडायची. बोटाएवढ्या पिल्लाला म्हणायचं बोटुकलं. दोन वर्षांनी ही बोटुकली मोठी होतात आणि जाळेवाल्यांच्या जाळ्यात येतात, असं कागदावर ठरलेलं होतं. मासे कागद वाचत नाहीत, एवढीच अडचण.

तीन वर्षं हिवाळ्याच्या तोंडाला दहा-दहा हजार बोटुकली तळ्यात गेली आणि पुढे कुणाच्या जाळ्यात त्यातलं एक दिसलं नाही. जाळेवाले खवळले. खापर फोडायला एक डोकं हवं होतं, आणि तळ्यात ते तयारच होतं. लांबतोंड्या. कमरेएवढा लांब मासा, चपटा जबडा, आत करवतीसारखे दात, आणि वर बघणारे दोन थंड डोळे. दिसायलाच गुन्हेगार. जरा देखणा असता तर कदाचित सुटला असता.

"हिवाळ्यात दुसरं काय खात असेल तो?" साहेबांनी विचारलं. साहेब म्हणजे दादाच्याही वरचे अधिकारी, महिन्यातून एकदा गाडीतून उतरणारे. "पोटं तपासा. पुरावा मिळाला की जाड दोऱ्याची जाळी लावू आणि तळं साफ करून टाकू."

पोटं तपासायचं काम अर्थातच पोटवाल्या बाईकडे आलं.

आता बारकीच्या घरची गोष्ट सांगायला हवी. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. घरात दोघंच, ती आणि तिचे सासरे. आणि सासरे जगत होते लांबतोंड्यावर. जाळेवाल्यांची नेहमीची बारीक जाळी तो फाडून जायचा, गळाला मात्र लागायचा, आणि थंडीत बाकीचे मासे तळाशी सुस्त पडले की बाजारात त्यालाच मागणी असायची. म्हातारा पंचाहत्तर वर्षांचा. गळ टाकणं आणि थट्टा करणं, या दोन कला त्याला येत होत्या, आणि दुसरीवर कुणाचं पोट भरत नाही. लांबतोंडे गेले की म्हाताऱ्याच्या हातातलं कामही गेलं, हे बारकीला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

"बाबा, तुमच्याच माशांची पोटं मला तपासायला लागणार," तिनं सांगितलं.

"तपास की, सूनबाई. त्यांना काय लाज?"

झालं होतं असं, की केंद्राची बोट थंडीत उलटी करून ताडपत्रीखाली ठेवलेली असे. हिवाळ्यात पाण्यावर जाणारा माणूस एकच, तो म्हणजे तिचा सासरा. मासा बाजारात जायचा आणि पोट पिशवीत घालून बारकीकडे यायचं. वर तारखेची चिठ्ठी, म्हाताऱ्याच्या वाकड्या अक्षरात, आणि मासा कुठे लागला तेही: 'मोठा खड्डा', 'लव्हाळ्याशी', 'बुडालेलं झाड'.

हिवाळ्यातलं पोट बारकीला आवडायचं. आवडायचं हा शब्द लोकांना चमत्कारिक वाटेल, पण ज्याचं त्याचं काम. उन्हाळ्यात लांबतोंड्या आज खाल्लेलं परवा जिरवून मोकळा. थंडीत त्याचं सगळंच मंदावतं. एक मासा गिळला की पंधरवडा तो पोटात पडून असतो, आणि पंधरवड्यामागचं सगळं तुमच्यासमोर उघडं पडतं. काय असायचं त्यात? निम्म्या पोटांत काहीच नाही. थंडीत लांबतोंड्या एका जागी थिजल्यासारखा उभा असतो, फार हालचाल नाही, फार भूक नाही. उरलेल्यांत काटेरी, चंदेरी मासे, तळ्यातलेच जुने रहिवासी. चिखलात झोपलेला बेडूक. खेकड्याचे पाय. आणि बऱ्याचदा स्वतःच्याच जातीचं पिल्लू. पोटच्या पोराला तो ओळखत नाही, आणि ओळखलं असतं तरी सोडलं असतं असं नाही.

नव्हतं फक्त केंद्राचं बोटुकलं. आणि ते असतं तर बारकीला कळलंच असतं. त्या वर्षी तळ्यात सोडण्याआधी सगळी बोटुकली एक दिवस लाल औषधाच्या पाण्यात ठेवली होती. माशाच्या कानात खसखशीएवढा खडा असतो, त्या खड्यात हा रंग कड्यासारखा बसतो आणि जन्मभर जात नाही. मांस जिरो, काटे जिरोत, खडा मागे राहतो. बारकी पोट चाळणीत धुवायची, चाळणीतला एकेक खडा चिमट्यानं उचलायची आणि भिंगाखाली धरायची. बोटं थंडीनं फुटलेली, त्यांत स्पिरिट जाऊन आग व्हायची. पांढरा खडा. पांढरा. पांढरा. एकशे एकोणचाळीस पोटं झाली, लाल कडं एकात नाही.

मनातून ती खूश होती. खरं ते खरं. सासऱ्याचा धंदा वाचणार म्हणून खूश, आणि आपण खोटं काही न बोलता तो वाचणार म्हणून जास्त खूश.

एकशेचाळिसाव्या पोटानं घात केला. नोंदवहीत त्याचा नंबर शेवटचा, कारण ते आधी बर्फाच्या पेटीत तळाशी राहून गेलं होतं. चिठ्ठीवर तारीख होती बोटुकली सोडल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची. जागा: 'धक्क्याखाली'. धक्का म्हणजे जिथून बोटुकली सोडत तोच; तिथला मासा एकशेचाळिसांत हा एकच.

कात्री फिरली आणि पोटातून बोटुकली बाहेर पडली. सबंध, जवळजवळ ताजी. तिनं ती जशी निघाली तशीच, तोंडं न फिरवता, पत्र्याच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडली. एकोणीस. दोघांतिघांचे खडे काढून पाहिले. लाल कडं, लाल कडं, लाल कडं.

बारकी स्टुलावर बसून राहिली. मग चोवीस वर्षांच्या सवयीनं तिनं पुन्हा ट्रेकडे पाहिलं, आणि तिला तीन गोष्टी दिसल्या. लांबतोंड्या जिवंत मासा पकडतो तो आडवा, दातांत; मग फिरवून डोक्याकडून गिळतो. अशा माशाच्या अंगावर दातांची भोकं असतात आणि पोटात त्याचं तोंड आतल्या बाजूला असतं. ही एकोणीस कशीही पडली होती, काही शेपटीकडून, काही आडवी, एकाच्याही अंगावर दात नाही. आणि त्यांच्याबरोबर पोटात वाटीभर चिखल होता, तळाचा, बारीक खड्यांसकट. पळणारा मासा खाताना कुणी चिखल खात नाही. लांबतोंड्यानं यांना पकडलं नव्हतं. तळावरून वेचलं होतं. ती आधीच मेलेली होती.

आणि ती कशानं मेली, हे तिला विचार न करताही कळलं, कारण बोटुकली सोडली त्या दिवशी ती धक्क्यावर उभी होती.

हौदांतलं पाणी ऊबदार ठेवलेलं असतं, नाहीतर बोटुकली वेळेत बोटाएवढी होत नाहीत. तळ्याचं पाणी त्या दिवसांत हात घातला तर हाड ठणकेल असं. म्हणून नियम आहे, की बोटुकली भरलेल्या बॅगा बंदच्या बंद तळ्यात अर्धा तास तरंगत ठेवायच्या, मग तोंड उघडून थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्यायचं, मग सोडायची. बारकीचे आणि दादाचे वडील, अप्पा, याच केंद्रावर पहारेकरी होते, आणि बोटुकली सोडायचं कामही त्यांच्याकडेच असे. ते म्हणायचे, "पाण्याची आधी ओळख करून द्या रे. परक्या घरात कुणाला ढकलू नये." अप्पा बॅगेवर हात ठेवून तासभर काठावर बसायचे.

पण हल्ली साहेब पाहुणे घेऊन यायचे. पाहुण्यांचे बूट पातळ, वारा बोचरा, गाडीत हीटर चालू. अर्धा तास कोण थांबणार? बॅगा आल्या, तोंडं कापली, धो धो ओतल्या, फोटो निघाले. बोटुकली पाण्यात पडताच चहूकडे अशी काही उसळायची, की पाहुणे टाळ्या वाजवायचे. "वा! काय चपळ आहेत!" ती चपळाई नव्हती, तडफड होती. मग ती खाली जायची आणि दिसेनाशी व्हायची.

आणि नोंदीच्या फॉर्मवर काय लिहिलेलं असायचं? 'बॅगा तरंगवल्या: तीस मिनिटं.' अक्षर बारकीचं, सही बारकीची. हा फॉर्म आदल्या दिवशी, ऑफिसात, हीटरजवळ बसून भरायचा, अशी केंद्राची जुनी रीत होती. धक्क्यावर बोटं वळत नाहीत आणि पेनातली शाई गोठते, म्हणून अप्पांच्या काळात सुरू झालेली. अप्पा आदल्या दिवशी जे लिहायचे ते दुसऱ्या दिवशी करायचे. पुढे लिहायचं तेवढं राहिलं, करायचं गळून पडलं. बारकीनं तीन वर्षं तीस मिनिटं लिहिली, एकदाही घड्याळाकडे न बघता.

दुपारी दादा जेवणाचा डबा घेऊन प्रयोगशाळेत आला. रोज दोघं तिथेच जेवत. ट्रे बघून तो थबकला. मग डबा टेबलावर ठेवून त्यानं दार लोटून घेतलं.

"एकोणीस?"

"एकोणीस. मेलेली वेचलीत, दादा. बघ, चिखल बघ."

त्यानं चिखल पाहिला नाही. "कुणी पाहिलं हे?"

"मी. आता तू."

"मग कुणी नाही पाहिलं."

"तुला माहीत होतं?"

दादा खुर्चीत बसला. बराच वेळ त्यानं डब्याची कडी उघडली, लावली, उघडली. "पहिल्या वर्षी सोडली ना, त्याच संध्याकाळी धक्क्याखाली वाकून पाहिलं होतं मी," तो म्हणाला. "तळाशी पांढरं अंथरल्यासारखं. म्हटलं, आता उद्या सगळ्यांना दिसणार. चार दिवस धास्तीनं गेलो नाही तिकडे. पाचव्या दिवशी गेलो, तर तळ स्वच्छ. एक नाही. म्हटलं, सुटलो बुवा."

"आणि मग सगळीकडे सांगितलंस, लांबतोंड्यानं खाल्ली."

"खोटं काय त्यात? खाल्लीच ना त्यानं."

बारकीला वाटलं, उठावं आणि ट्रे त्याच्या अंगावर फेकावा. पण हा दादा होता. अप्पा गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि हा एकोणीस. यानं शिक्षण सोडलं आणि तिचं पुरं केलं. तिच्या शाळेच्या बुटांना हा स्वतः पॉलिश करायचा. अशा माणसावर हात कसा उगारणार?

"तूच सांग साहेबांना," ती म्हणाली. "तुझं नाव कुणी बुडवत नाही. सांग, पाहुण्यांमुळे तरंगवायला वेळ मिळाला नाही, यापुढे पाहुणे नकोत. एवढंच. लांबतोंडे वाचतील, बाबांचं चालू राहील, पुढच्या वर्षी बोटुकलीही जगतील."

"दीड वर्ष राहिलंय माझं निवृत्तीला, बारके."

"म्हणूनच सांगते. तुझ्या हातची बोटुकली एकदा तरी मोठी झालेली बघ."

त्यानं डब्याचं झाकण काढलं. मग म्हणाला, "सांगतो मी. बैठकीत सांगतो. तू काही बोलू नकोस." आणि तिच्या डब्यातला लोणच्याचा तुकडा नेहमीसारखा न विचारता उचलला. बारकीला तेवढं पुरलं. घरी जाऊन तिनं सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, गळ घासून ठेवा." बाईमाणूस शहाणं असलं तरी भावाच्या बाबतीत बावळटच असतं.

बैठक गुरुवारी सकाळी साहेबांच्या खोलीत. जाळेवाल्यांचे दोन पुढारी, साहेब, दादा, बारकी. दादा उठला, त्यानं पाकिटातून एक मोठा फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. ट्रे, आणि ट्रेमध्ये ओळीनं एकोणीस बोटुकली.

"एका पोटात एकोणीस," दादा म्हणाला. "एका पोटात, साहेब. लाल खडे तपासलेत. आता तळ्यात असे शेकडो असतील, तर हिशेब तुम्हीच करा."

जाळेवाल्यांनी फोटो हातात घेऊन शिव्या दिल्या. बारकी दादाकडे बघत होती. दादा फोटोकडे बघत होता. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात; बारकी सगळं आयुष्य या केंद्राच्या पाण्यात राहिली होती, आणि उठून उभी राहिली.

"ती मेलेली होती, साहेब," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. दात नसलेली अंगं, शेपटीकडून गिळलेली, चिखल. एकशे एकोणचाळीस पोटांत एकही नाही, तेही. "बॅगा तरंगवल्याच नाहीत. तीन वर्षं. गरम पाण्यातली पोरं थेट थंडीत टाकली, ती तिथल्या तिथे मेली. लांबतोंड्यानं नुसती वेचली."

साहेबांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी फाइल उघडली, तीन फॉर्म बाहेर काढले, एकाखाली एक ठेवले.

"हे अक्षर कुणाचं, बाई?"

"माझं."

"तीस मिनिटं लिहिलंय. तिन्ही वर्षी."

"खोटं आहे ते. आदल्या दिवशी भरतो आम्ही. सगळेच भरतात."

"सही?"

"माझी."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तीन वर्षं तुम्ही न पाहिलेलं लिहिलंत आणि सही केलीत." मग पोटांच्या नोंदवहीवर बोट ठेवून, अगदी शांतपणे, "आणि हे अक्षर कुणाचं?"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. प्रश्न चुकीचा असता तर ती भांडली असती. प्रश्न बरोबर होता. एकशेचाळीस पोटं, फुटलेली बोटं, भिंगावर अधू झालेले डोळे, सगळं त्या तीस मिनिटांखाली गेलं. तरी तिला वाटत होतं, आता दादा बोलेल. खोलीत खरं माहीत असलेला दुसरा माणूस तोच होता.

आणि दादा बोलला. हळू, कळवळून. "साहेब, तिच्यावर रागावू नका. तिचीही अडचण आहे. घरी म्हातारे सासरे, त्यांचा धंदाच लांबतोंड्याचा. ही सगळी पोटं त्यांच्याकडूनच आलीत. सुनेचा जीव तुटणारच."

एकेक शब्द खरा होता. जाळेवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. बारकीनं नोंदवही मिटली. खोटं बोलून दादानं इतकं मारलं नसतं.

पुढचं भराभर झालं. चुकीच्या नोंदी केल्या म्हणून बारकीला घरी बसवलं. दादा रात्री तिच्या दारात आला होता म्हणे, पण सासऱ्यांनी "झोपली ती" सांगून परत लावला. पंधरा दिवसांत जाड दोऱ्याची जाळी आली. थंडीत लांबतोंडे मोठ्या खड्ड्यात एकाला एक लागून उभे असतात, हलत नाहीत, पळत नाहीत. साप म्हणून भुई धोपटायचीच ठरवल्यावर नेम चुकत नाही. तीनशेच्या वर निघाले. काठावर ढीग पडला. एकाचंही पोट कुणी उघडून पाहिलं नाही. पुराव्याची गरज संपली होती.

सासरे ढिगाशेजारून काठी टेकत हळूहळू चालत गेले आणि परत आले. "सूनबाई, यातल्या कितीकांना मी ओळखत होतो," ते म्हणाले. नेहमीप्रमाणे यापुढे काहीतरी थट्टा येईल म्हणून ती थांबली. आली नाही. त्यांनी बोट उलटी घातली, गळ डब्यात ठेवले, डबा माळ्यावर. उन्हाळाभर ते दारात खुर्ची टाकून बसत आणि जेवायला दोनदा हाक मारावी लागे. बारकी बाजारात मासे साफ करून द्यायला उभी राहायला लागली. पोट फाडायचंच काम, पण आत काय आहे ते कुणी विचारत नव्हतं. आतलं सगळं बादलीत.

पुन्हा थंडी आली. पुन्हा दहा हजार बोटुकली, पुन्हा पाहुणे. या वेळी तर विशेष, कारण तळं आता 'सुरक्षित' झालं होतं. टाळ्या बाजारापर्यंत ऐकू आल्या. अर्धा तास कुणी थांबलं नाही. कशाला थांबतील? दोष सिद्ध झाला होता, गुन्हेगार मेला होता.

सहाव्या दिवशी सकाळी सासरे तळ्यावरून घाईघाईनं आले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चालण्यात घाई होती. "चल," ते म्हणाले. "काठाला पांढरी किनार लागलीय."

"बर्फ असेल, बाबा."

"बर्फाला वास येतो का?"

रात्रभर वारा काठाकडे वाहिला होता. धक्क्यापासून लव्हाळ्याच्या वळणापर्यंत आणि वळणाच्या पलीकडेही, पाण्याच्या रेषेला बोटुकली लागली होती. बोटाएवढी, पोट वर, शेजारी शेजारी. लाटेबरोबर सगळी ओळ थोडी वर यायची, थोडी खाली जायची. चार वर्षांत पहिल्यांदा ती कुणालाही दिसतील अशी वर आली होती. तळाशी खायला कुणी उरलं नव्हतं.

आणि त्या ओळीवर वाकलेला एक माणूस. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एका हातात पोतं, दुसऱ्या हातानं मूठमूठ उचलून भरत होता. हात लालभडक झाले होते. दादा एवढा म्हातारा कधी झाला, हे बारकीला कळलं नाही. त्यानं पायांचा आवाज ऐकून वर पाहिलं, आणि चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. लहानपणी हौद घासताना ती मदतीला आली की यायचं तसंच.

"बारके, बरं झालं आलीस," तो धापा टाकत म्हणाला. "हात लाव जरा. साहेब दहाला येताहेत."

तिचा एक पाय पुढे पडलासुद्धा. छत्तीस वर्षांची सवय. मग ती थांबली.

"दादा, हे काम लांबतोंडे करत होते," ती म्हणाली. "दर वर्षी तुझी मेलेली पोरं उचलत होते, कुणाला न दिसता. तू त्यांनाच मारलंस."

तो पोतं धरून उभा राहिला.

"आता वेच," बारकी म्हणाली, आणि सासऱ्यांचा हात धरून काठावरच्या दगडावर जाऊन बसली, जिथून धक्काही दिसतो आणि साहेबांची गाडी येते तो रस्ताही. साडेआठ वाजले होते.